देवळाच्या कर्ण्यावर कोयता

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

काल पहाटे मी काय केलं ते आधी लिहून ठेवतो. वाडीत एवढ्यातच त्या गोष्टीची चार रूपं झाली आहेत. खरं रूप निदान या वहीत तरी असावं.

साडेचारला उठलो, आंघोळ केली, खिळ्यावरची देवळाची चावी घेतली. दत्ताच्या देवळाचा कर्णा लावायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. पाचला भूपाळी लावायची, साडेपाचला काकड्याला माणसं जमतात, ते उरकून मी सव्वासहाला बारामती एमआयडीसीत दूध डेअरीवर कामाला निघतो. पूर्वी कॅसेट होती, मग पेनड्राइव्ह आला. गेल्या वर्षी आमच्या देवस्थानाचे अध्यक्ष विजयसिंह यांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर दिला. त्याला ब्लूटूथ आहे. मोबाईलवर भूपाळी लावायची, मोबाईल खिशात टाकायचा आणि समई-निरांजनाकडे बघायचं. फार सोयीचं. त्या सोयीनंच घात केला.

काल चष्मा घरी राहिला होता. अंदाजानं बोट टेकवलं आणि तेलाची बुधली घेऊन गाभाऱ्यात गेलो. कर्ण्यातून आधी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. मग ऊस तोडल्याचा खच्‌ खच्‌ आवाज. मग मुकादमाची हाक, "उठा रं, उठा! चार वाजलं!" आणि मग तो पोरगा सुरू झाला:

फडात जन्मलो, पाचटावर निजलो,
गाडीच्या जुवाखाली दवात भिजलो,
शाळेच्या पटावर नाव, बाकावर न्हाय,
गुरुजी, हजेरी घ्या, फडातनं ओरडतो, हाय!

खरं सांगायचं तर एवढ्या ओळी होईपर्यंत काही चुकलंय असं मला वाटलंच नाही. गाणं रोजचंच होतं. मी समईत तेल घालत होतो आणि पाय ठेका धरून होता. देवाकडे बघितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. धावत जाऊन वायर उपटली. पुढच्या दोन ओळींनंतर शिवी येते. तेवढी वाचली.

बाहेर आलो तर आमचे पखवाजी दत्तोबा तात्या घोंगडी पांघरून पायरीशी हात जोडून उभे. भूपाळीत आजपास्नं हाकच मारत्यात काय, असं झोपेतच विचारत होते. मागून विजयसिंह आले, अंगात बनियन, डोक्याला मफलर.

"सावळाराम, हे काय लावलंय? कुणाची वरात हाय का?"

"चुकून लागलं."

"चुकून लागायला मोबाईलमदी आलं कुठनं? कुणाचा मोबाईल हाय ह्यो?"

त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "पोरीचा मोबाईल हाय."

यात एक अक्षर खोटं नाही. जूनमध्ये राजनंदिनीनं, म्हणजे आमच्या राजीनं, नवा मोबाईल घेतला तेव्हा जुना मला दिला. मागं तिनं चिकटवलेलं पिवळं फूल अजून आहे. विजयसिंहांनी त्या फुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

मी वायर परत जोडली आणि भूपाळी लावली.


५ नोव्हेंबर, बुधवार. कार्तिकी पौर्णिमा

काकडा संपला. प्रसादाच्या पंगतीत विजयसिंहांनी विषय काढला. दत्तजयंतीला राजीनं पखवाजावर बसू नये.

राजी बारामतीला कॉलेजात आहे, शेवटच्या वर्षाला. चार वर्षं ती तात्यांकडे पखवाज शिकते. मुलीनं भजनात पखवाज घ्यावा का नाही यावर पहिली दोन वर्षं वाडीत बोलाचाली झाली. तात्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "हाताला कुठं कळतंय, बाईचा का बाप्याचा?" आता तात्यांचा उजवा हात थरथरतो. म्हणून यंदा दत्तजयंतीला जन्मकाळाचं भजन तिनं एकटीनं वाजवायचं ठरलं होतं. ऑगस्टपासून ती रोज संध्याकाळी बसते.

विजयसिंह म्हणाले, "जी पोरगी देवाच्या कर्ण्यावर असली गाणी ठिवती, तिला देवाफुडं बसवायची का? लोकं काय म्हणतील?"

मी आमटी वाढत होतो. भांडं हातात होतं, तोंड मोकळं होतं. तरी मी पुढच्या पानाकडे सरकलो.

घरी येऊन राजीला सांगितलं. ती रागावेल, रडेल, मोबाईल तुमच्याकडं होता म्हणेल, असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "बरं."

"बरं काय? तू काय केलंस त्यात?"

"जाऊ द्या ना आप्पा. तुमी त्यांच्या नादाला लागू नका. चावी तुमच्याकडं ऱ्हायली ना? मग झालं."

पोरगी समजूतदार आहे. पण इतकी समजूतदार का, ते मला कळत नाही.


८ नोव्हेंबर, शनिवार

डेअरीवर आज मशीन धुवायला बंद होतं. अर्धा तास रिकामा मिळाला, तेव्हा हे लिहितो.

मी हे ऐकायला लागलो कसा? राजीनं दिलेल्या मोबाईलमध्ये तिचीच गाणी होती, गाण्यांचं खातंही अजून तिचंच आहे. मला भजन लावायचं होतं आणि हे लागलं. बंद करायला बोट सापडेना. तोपर्यंत एक कडवं ऐकून झालं. याला रॅप म्हणतात. राजीच्या मैत्रिणी हिप-हॉप म्हणतात. मला वाटायचं हे शहरातल्या पोरांचं ओरडणं असेल. पण ऐकतो तर पोरगा पाचटाबद्दल, उसाच्या वाळल्या पाल्याबद्दल बोलतोय. मी जन्मभर पाचट बघितलं, त्यावर कुणी गाणं केलेलं ऐकलं नव्हतं.

त्याचं नावच 'पाचट'. ऊसतोड कामगारांचा मुलगा. तो मला सगळ्यांत जवळचा. घाईत बोलत नाही, शब्द मोळीसारखे बांधतो. दुसरी 'ठिणगी', सोलापूरची मुलगी. आई विड्या वळते. तिच्या गाण्यात विड्या मोजल्याचा आवाज तालासारखा येतो. ती श्वास कधी घेते ते मला अजून सापडलं नाही. तिसरे दोघे भाऊ, नाव 'तिसरी पाळी'. चाकणकडे कारखान्यात आहेत. मशीनचाच ठेका घेतात. मी पंचवीस वर्षं मशीनपाशी उभा आहे. त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

सगळेच आवडतात असं नाही. एक आहे त्याच्या गाण्यात नुसती गाडी, घड्याळ आणि गॉगल. तो आला की मी पुढं ढकलतो. शिव्याही आहेत. तिथं आवाज कमी करतो. देवाधर्माच्या माणसानं हे ऐकावं का, याचा विचार केला. पण शिवी वजा करून जे उरतं ते खरं आहे असं वाटतं. खरं ऐकायला देव का अडवेल? मग सांगायला मी का लाजतो, हा प्रश्न उरतोच.

एक गंमत. गेल्या महिन्यापासून मोबाईलमध्ये गाण्यांची एक नवी यादी आपोआप आली आहे. घरून निघताना लावली की कन्हेरी फाट्यापाशी ठिणगी येते आणि डेअरीच्या गेटाशी यादी बरोबर संपते. अडतीस मिनिटं. गाडी, घड्याळ, गॉगलवाला त्यात एकदाही नाही. मशीनला माणसाचं मन कसं कळतं, कुणास ठाऊक.


११ नोव्हेंबर, मंगळवार

थंडी पडली. बायकोनं, संजीवनीनं, माझ्या जर्किनला आतून, कानाजवळ कॉलरखाली, एक लहानसा खिसा शिवला.

"हे कशाला?"

"गोळ्या ठिवायला."

"मला कुठं गोळ्या हायेत?"

"पन्नाशी आली की लागत्यात," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

इअरफोनची वायर त्यात छान बसते. तिला सांगितलं नाही.


१५ नोव्हेंबर, शनिवार. एकादशी

आज भजनाला बोलायचं ठरवून गेलो होतो. डेअरीतून येताना सगळं वाक्य तोंडात तयार केलं होतं. भजन संपलं, तात्या म्हणाले, "कुणाला काय बोलायचं का?" मी उभा राहिलो. सगळे बघायला लागले. आणि मी म्हणालो, "मंडपाच्या पत्र्याला एक भोक पडलंय."

विजयसिंह म्हणाले, "बघतो." मी बसलो. भोक खरंच आहे.

पखवाजावर तात्या होते. तिसऱ्या अभंगाला हात अडखळला, सगळ्या टाळकऱ्यांनी मिळून सांभाळून घेतलं. मीही टाळकरी. राजी बायकांत बसली होती. तिची बोटं मांडीवर चालली होती. तात्या अडखळले तिथं तिची बोटं थांबली नाहीत.

बाहेर पडताना मुक्ताबाईंनी हाक मारली. वय पंच्याहत्तरच्या पुढं, मारुतीच्या पाराजवळ एकट्या राहतात.

"सावळ्या, त्या दिशी पाटचं गाणं लागलं व्हतं बघ. कोयत्याचं."

मला वाटलं आता बोलणी बसणार. "चुकून लागलं, मावशी."

"चुकू दी की. पर मधनंच का बंद केलं? त्यो पोरगा हाय म्हणाला आन् फुडं काय म्हणाला?"


१८ नोव्हेंबर, मंगळवार

डेअरीतून परत येताना मुक्ताबाईंकडे गेलो. इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात घातलं, एक माझ्या. त्यांनी आधी टोक पदरानं पुसून घेतलं.

गाणं लावलं. मुकादमाची हाक आली तशा त्या एकदम ताठ बसल्या. "असंच वरडायचा गं बया!" मला माहीत नव्हतं, लग्नाआधी त्या आईबापाबरोबर सोमेश्वरनगरच्या बाजूला तोडीला यायच्या. नऊ वर्षं. नंतर इथं दिल्या. शिवी आली तिथं मी आवाज कमी करायला गेलो, त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दी. मुकादमाला तर म्हणतोय. कमीच म्हणतोय."

मग विचारलं, "कुणाचा हाय ह्यो?"

मी समजावून सांगितलं. म्हणालो, मावशी, ह्याला पाचट म्हणत्यात. खरं नाव वेगळं असेल, पण हे त्यानं स्वतः घेतलंय. पेटी न्हाय, फार चाल न्हाय, बोलणंच तालात बांधलंय. अभंगाला ध्रुपद असतं तसं ह्याला पण असतं, पुन्हा पुन्हा येतं. आणि शेवटाला संत जसं आपलं नाव घालत्यात, तसा ह्यो कडव्याच्या शेवटाला आपलं नाव सांगतो. पटावर असून ज्याला कुणी हाक मारली न्हाय, त्यानं आपली हाक आपणच मारली.

इतकं मी कधी कुणाला सलग बोललो नव्हतो. मुक्ताबाई म्हणाल्या, "सावळ्या, तुला लई म्हायती हाय की."

मी म्हणालो, "पोरीच्या मोबाईलमदी हाय ना, कानावर पडतं."

घरी येताना स्वतःचाच राग आला. ती बाई चार शब्द मनापासून बोलली आणि मी तिच्यापुढंसुद्धा राजीच्या मागं लपलो.


२३ नोव्हेंबर, रविवार

तात्यांनी बोलावून घेतलं. पखवाजाचं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, ढिलं झालंय, दत्तजयंतीआधी इंदापूरला नेऊन बदलून आणायचं. ते सांगून झालं आणि म्हणाले, "मुक्ताबाय म्हणत व्हती तू तिला गाणं ऐकवलंस. मला ऐकव."

पडवीत बसलो. तात्यांनी डोळे मिटले. मी ठिणगी लावली, कारण तिच्यात शिव्या कमी. तात्यांचं थरथरतं बोट पाटावर पडायला लागलं. दोन कडवी झाली.

"आठ मात्रा हायेत," तात्या म्हणाले. "धुमाळीत बसतंय. पोरगी समेच्या आधी येती आन् शब्द मागं ठिवती, मग धावून गाठती. जाणून करती. चुकत न्हाय."

मला इतका आनंद झाला की मी पटापट सांगत सुटलो. तात्या, ही सोलापूरची, हिची आई विड्या वळती, तो टक-टक आवाज विड्यांचा हाय. ही कुणाचा गंडा न बांधता शिकली. आणि ते दोघे भाऊ ऐका, ते मशीनवर ठेका धरत्यात, एक म्हणतो तवा दुसरा नुसती साथ देतो, तुमी आणि राजी बसता तसं.

तात्यांनी डोळे उघडले. "सावळ्या, हे तुझंच हाय, व्हय रं?"

मी मोबाईल उलटा केला. पिवळं फूल दिसलं.

"पोरीचा मोबाईल हाय, तात्या."

तात्यांनी पाटावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "माझा हात ह्या सालात जाईल असं वाटतं. जन्मकाळाला मीच वाजवीन. देव सांभाळून घील." आणि हात घोंगडीत घेतला.


३० नोव्हेंबर, रविवार

राजीला घेऊन इंदापूरला गेलो. मी गाडीवर पुढं, ती मागं, मध्ये पखवाज. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. विजयसिंहांचा ट्रॅक्टरही होता, ड्रायव्हरनं मडगार्डवर हा एवढा स्पीकर बांधलाय आणि त्यावर असलं गाणं चाललेलं की आमच्या पखवाजाचं कातडं थरथरत होतं. राजी हसायला लागली. मलाही हसू आलं.

दुकानदारानं पान बदललं, ते ताणणाऱ्या कातडी वाद्या ओढल्या, ठोकून सूर बघितला. मग राजीच्या हातांकडे बघून म्हणाला, "ताई, तुमचा हात किती जड पडतो? त्या मानानं ओढतो."

राजी म्हणाली, "मी न्हाय वाजवणार. तात्या वाजवणारेत. त्यांचा हात हलका पडतो आता, थोडं सैलच ठेवा."

दुकानदारानं वाद्या सैल केल्या. मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो.

परत येताना चहाला थांबलो. मी म्हणालो, "राजी, तुला वाईट वाटत असंल."

"वाटतं की."

"मग बोलत का न्हाईस?"

ती कपातल्या चहाकडे बघत म्हणाली, "आप्पा, अकरा वर्षात तुमी एक सकाळ चुकवली न्हाय. आज्जी गेली त्या दिवशीपण कर्णा लावून आलात. ती चावी गेली तर तुमचं काय हुईल? माझं काय, मी फुडच्या वर्षी वाजवीन."

माझ्या चावीचा आणि तिचा काय संबंध ते मला नीट समजलं नाही. मोबाईलची चूक तर तिच्या नावावर आहे. मग एकदम वाटलं, हिला काही ठाऊक तर नसेल? पण ठाऊक होणार कसं? मी नेहमी एकटाच ऐकतो.

घरी येईपर्यंत एक ठरलं. पुढच्या वर्षी तात्या शिकवायला असतील का, माहीत नाही. सैल केलेला पखवाज परत ओढता येतो. दत्तजयंतीला बोलायचं. पत्र्याच्या भोकाबद्दल नाही.


५ डिसेंबर, शुक्रवार

काल दत्तजयंती झाली. सुट्टी टाकली होती. आज डेअरीच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे.

सव्वापाचला माणसं जन्मकाळाच्या भजनाला बसली. जन्मकाळ सूर्यास्ताला. मंडप भरला होता, पाळणा सजला होता, सुंठवड्याचा वास सुटला होता. तात्या पखवाजापाशी बसले. ते पहिली थाप देणार एवढ्यात मी उठलो आणि माईक हातात घेतला. कर्णा चालू होता, म्हणजे जे बोललो ते साऱ्या वाडीनं ऐकलं.

"काकड्यात कर्ण्यावर जे वाजलं, ते माझं होतं. राजीचा काही संबंध न्हाय. गाणी मी ऐकतो. रोज ऐकतो."

मग मागून कुणीतरी हसलं. विजयसिंह म्हणाले, "सावळाराम, बस खाली. पोरीसाठी बाप बोलतोय, समजतं आमाला."

"खरं सांगतोय."

"तू? तू असलं ऐकतोस? अरं, तू टीव्हीवर जाहिरात लागली तरी मान खाली घालतोस!"

मंडप हसला. ही अडचण मी धरलीच नव्हती. महिनाभर मी घाबरलो होतो ते लोक काय म्हणतील याला. लोक विश्वासच ठेवणार नाहीत हे मनातही आलं नव्हतं.

विजयसिंह म्हणाले, "बरं, मोबाईल कुणाचा हाय?"

मी खिशातून काढला, फुलाची बाजू वर केली. "माझा."

"मग म्हणून दाखव की त्यातलं. गाणं माझं म्हणतोस ना?"

त्यांना वाटलं मी बसेन. मला गाभाऱ्यातली समई दिसत होती. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

फडात जन्मलो, पाचटावर निजलो. आवाज आधी चिरका निघाला. गाडीच्या जुवाखाली दवात भिजलो. तिसऱ्या ओळीला पायानं ठेका धरला. "गुरुजी, हजेरी घ्या, फडातनं ओरडतो" एवढं म्हणालो आणि मुक्ताबाई बायकांतून मोठ्यानं म्हणाल्या, "हाय!" पोरंसोरं हसली, पुढच्या ध्रुपदाला चारपाच बायका "हाय" म्हणाल्या. पहिलं कडवं संपलं, दुसरं घेतलं. शिवी येते तिथं मी "हरी हरी" म्हणालो. मात्रा बरोबर बसल्या.

डोळे उघडले तेव्हा विजयसिंहांचं तोंड उघडं होतं.

मी म्हणालो, "ह्या पोराचं नाव पाचट. अजून दोन-तीन जण हायेत, कुणाला ऐकायचं असंल तर सांगीन. वाईट म्हणायचं तर मला म्हणा. मी त्या दिवशी खरं बोललो, पण अर्धं. उरलेलं अर्धं पोरीनं महिनाभर सोसलं. तिला तिची जागा द्या."

मग खिशातून चावी काढून विजयसिंहांपुढं ठेवली. "आणि ही ठेवा. ज्यानं चूक करून दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली, त्यानं काही दिवस कर्णा लावू नये."

विजयसिंह चावीकडे बघत म्हणाले, "अरं, मग पाचला उठायचं कुणी?"

यावर मात्र तात्यासुद्धा हसले. हसता हसता त्यांनी पखवाज ढकलला, बायकांच्या बाजूला. "राजे, ये. ह्या वाद्या सैल कुणी ठिवल्या? ओढून घे आधी."

राजी उठून आली. वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांना हातोडीचे चार ठोके दिले, थाप मारून सूर बघितला, परत दोन ठोके दिले. माझ्याकडे बघितलं नाही. विजयसिंह काही म्हणतात का म्हणून सगळे थांबले. ते म्हणाले, "चला, दिवस मावळतोय. जन्म टळंल." मग त्यांनी स्वतःच टाळ उचलले.

राजीनं वाजवलं. माझी मुलगी म्हणून मी जास्त लिहीत नाही. जन्माची वेळ झाली, फुलं पडली, पाळण्याची दोरी हलली, तरी तिचा हात जागचा हलला नाही. तात्या तिच्या शेजारी बसून घोंगडीतल्या घोंगडीत बोटं चालवत होते.

घरी येताना राजी म्हणाली, "आप्पा, दुसऱ्या कडव्यात एक ओळ गाळलीत."

"कुठली?"

"तुमच्या चहातल्या साखरेत आमी रोज विरघळलो."

"समोर सगळे उसवाले बसले होते. जीभ वळली न्हाय."

"सगळ्यांत भारी ओळ तीच होती," ती म्हणाली. मग मोबाईल मागून घेतला, नखानं फुलाची कड उचकटली. "काढू का हे आता?"

"राहू दे. मला आवडतं."

आज पहाटे कर्णा पावणेसहाला लागला. मी अंथरुणात जागाच होतो. भूपाळी अर्धी झाल्यावर मध्येच बंद पडली, मग विजयसिंहांचा खोकल्याचा आवाज आला, मग परत पहिल्यापासून लागली. कामाला निघताना मोबाईल बघितला तर यादीत एक नवं गाणं वाढलंय, कुणा मुलीनं पखवाजावर केलेलं. मशीनला आमच्या वाडीतली बातमी एका रात्रीत कशी कळली, देव जाणे.

जर्किन घातलं. कॉलरखालचा खिसा चाचपला तर रिकामा. संजीवनीला विचारलं, "माझ्या गोळ्या कुठं हायेत?"

"गोळ्या संपल्या," ती म्हणाली आणि भिंतीकडे बोट केलं. चावीच्या खिळ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसेल असा, माझा इअरफोन टांगलेला होता.